दर्याच्या वेळेवर बांधलेली गाणी

भरतीची वेळ काढायची एक जुनी रीत कोळीवाड्यांत अजून चालते. आजची तिथी घ्यायची आणि तिला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा. पहाटेची एक आणि संध्याकाळची एक, अशा दोन्ही भरत्या त्याच हिशेबात सापडतात. पौर्णिमेला आणि अमावास्येला हिशेब सव्वाअकराचा निघतो, पण पाणी प्रत्यक्षात बाराच्या आसपास चढतं. कारण भरती दर तिथीला साधारण ४८ मिनिटांनी पुढे सरकते आणि ही रीत ४५ मिनिटं धरते. रोजची तीन मिनिटं पंधरा तिथींत साठून पाऊण तास होतो. ज्यांचं पोट या हिशेबावर चालतं त्यांना तो पाऊण तास कुठे मिळवायचा हे सांगावं लागत नाही.

गाण्यांवरच्या लेखाची सुरुवात पाऊणकीने करायला कारण आहे. निसर्गावरची गाणी म्हटलं की आपल्याला पाऊस, फुलं, चांदणं आठवतं. पाश्चात्त्य लोकसंगीतात, विशेषतः अमेरिकेच्या कंट्री परंपरेत, हातात गिटार घेतलेला गायक-गीतकार डोंगरदऱ्यांत जातो, काही दिवस राहतो आणि दहा-बारा गाणी घेऊन परततो. त्या गाण्यांचा अल्बम निघतो आणि शहरातला श्रोता तो ऐकून डोंगरात जाऊन आल्यासारखा सुखावतो. मराठीत या प्रकाराच्या सगळ्यांत जवळ जाणारं काही असेल तर ती कोळीगीतं. मात्र त्यांच्या मुळाशी असलेला निसर्ग पाहायची गोष्ट नाही. त्याच्याबरोबर रोज काम करावं लागतं, आणि गाण्याचा ठेका, वेळ, इतकंच काय, गाणं कोण उचलणार आणि कोण साथ देणार, हेसुद्धा त्या कामाने ठरवलेलं असतं.

हे समजून घ्यायला मीरा-भाईंदरसारखी जागा नाही. लोकलने येणाऱ्याला हे शहर इमारतींचं वाटतं. २००२ साली महानगरपालिका झाली, २०११च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांच्या वर गेली. पण नकाशा उघडला की दुसरंच चित्र दिसतं. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आणि मध्ये तिवरांची दलदल व मिठागरं. भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेकडून निघालेला रस्ता मुर्धे, राई, मोर्वा ही आगरी गावं ओलांडून डोंगरी, पाली, चौक, भाटेबंदर, उत्तन अशा किनाऱ्यावरच्या वस्त्यांकडे जातो. या पट्ट्याचं जुनं नाव धारावी बेट. चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेत, १७३९ साली, याच बेटासाठी मराठे आणि पोर्तुगीज झुंजले होते. एका महानगरपालिकेच्या हद्दीत दर्या, मीठ आणि रान ही तीनही कामं, आणि त्या तिन्ही कामांची गाणी, अशी दुसरी जागा मला तरी माहीत नाही.

आधी दर्या. उत्तनपासून वसई, डहाणूपर्यंतच्या किनाऱ्याची खास मासेमारी डोलीची आहे. डोल म्हणजे लांबलचक पिशवीसारखं जाळं. तोंडाशी मोठं, शेपटाकडे निमुळतं आणि तिकडे त्याची वीण बारीक होत जाते. हे जाळं माशामागे धावत नाही. समुद्राच्या तळात रोवलेल्या खुंटांना ते बांधतात, त्याचं तोंड पाण्याच्या ओढीकडे राहतं आणि ओढीबरोबर येणारं सगळं आत जातं: बोंबील, करंदी, जवळा, मांदेली. पाणी फिरलं की जाळं काढायचं, रिकामं करायचं, पुन्हा लावायचं. सारी मेहनत माणसाची, पण मासा जाळ्यात आणून सोडण्याचं काम पाण्याचं.

आणि पाण्याची ओढ चंद्रावर अवलंबून. पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमारास सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र होते आणि उधाणाची भरती येते. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाला पाणी जवळपास पाच मीटर चढतं आणि तितकंच खोल उतरतं. एवढं पाणी सहा तासांत आत यायचं आणि सहा तासांत बाहेर जायचं म्हणजे प्रवाह जोरकसच हवा. अष्टमीच्या आसपास सूर्य-चंद्र काटकोनात असतात, एकमेकांची ओढ कमी करतात, पाणी जेमतेम हलतं. तो भांग. उधाणात डोली भरतात, भांगात त्या ढिल्या पडतात. म्हणून डोलीवाल्याचा महिना वारांनी मोजला जात नाही. उधाणाचे दिवस कामाचे, भांगाचे दिवस जाळी विणायचे, होडीची डागडुजी करायचे, सोयरिकी जुळवायचे. कोळीगीतात चांदणं येतं तेव्हा त्यात प्रणय असतोच, पण ते चांदणं ऐकणाऱ्याला आणखी एक गोष्ट सांगत असतं: आज पाण्याला ओढ आहे, घरधनी दर्यावर आहे.

वाऱ्याचंही तसंच. हिवाळ्यात रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, जमिनीवरची गार हवा समुद्राकडे वाहू लागते. तो मतलई वारा. दुपारी उलटं होतं, तापलेल्या जमिनीवरची हवा वर जाते आणि समुद्रावरून खारा वारा आत येतो. शिडाच्या काळात होड्या पहाटे मतलईवर बाहेर पडत आणि दुपारच्या वाऱ्यावर घरी येत. किनाऱ्यावर वाट पाहणाऱ्या बाईला वाऱ्याची दिशा बदलली हे अंगावर कळायचं आणि तेव्हापासून तिची नजर क्षितिजावर लागायची. या गाण्यांत वारा इतक्या वेळा का येतो हे त्यातून उमगतं. तो निरोपही तोच आणि परतीची बातमीही तोच.

आता कोळीगीतांच्या एका प्रसिद्ध रेकॉर्डविषयी. हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत, शांता शेळक्यांचे शब्द आणि लता मंगेशकरांचा आवाज अशी कोळीगीतं एचएमव्हीने काढली आणि मराठी घरांत कोळीगीत म्हणजे काय याची कल्पना पुढच्या काही पिढ्यांसाठी पक्की झाली. त्यातल्या ‘मी डोलकर’ या गाण्यात लताबाईंबरोबर हेमंतकुमार आहेत. डोलीवर जाणारा तो डोलकर, त्यामुळे गाण्याच्या नावातच उत्तन-वसईच्या किनाऱ्याची मासेमारी येऊन बसली आहे. ज्यांनी बोंबील फक्त ताटात पाहिला अशा लाखो मराठी माणसांनी हा शब्द गुणगुणला.

शांताबाईंचा जन्म १९२२ साली इंदापूरचा, बालपण मंचर-खेडच्या परिसरातलं. सगळं देशावरचं, घाटावरचं. हेमंतकुमार बंगालचे. मंगेशकरांचं मूळ गोव्यात, पण हृदयनाथ वाढले सांगली-कोल्हापूर-मुंबईकडे. म्हणजे मराठीतली सगळ्यांत गाजलेली दर्यागीतं करणाऱ्या या मंडळींत होडीवर वाढलेलं कुणीच नव्हतं. तरीही ती खोटी वाटत नाहीत. माझ्या मते याचं श्रेय शांताबाईंच्या कानाला आहे. त्यांनी कोळ्यांच्या बोलीतली हाक मारायची पद्धत उचलली, वाक्याचा झोका उचलला आणि भीती व अभिमान यांची जी सरमिसळ दर्यावर जगणाऱ्या घरात असते ती नेमकी पकडली. हृदयनाथांनी चालींत लाटेचा चढउतार ठेवला. सूर एकदम उंच जातात आणि घरंगळत खाली येतात.

असं जगात दुसरीकडेही घडलं आहे. अमेरिकेत निसर्गाचा गायक म्हणून जॉन डेन्व्हरचं नाव पहिलं येतं. कोलोरॅडोच्या पर्वतांनी भारावून त्याने १९७२ साली ‘रॉकी माउंटन हाय’ हा अल्बम काढला, आणि त्यातलं त्याच नावाचं गाणं २००७ साली कोलोरॅडो राज्याने आपल्या अधिकृत गीतांत घेतलं. पण त्याचं त्याहूनही प्रसिद्ध गाणं, वेस्ट व्हर्जिनियाच्या गावाकडच्या रस्त्यांचं, मुळात बिल डॅनॉफ आणि टॅफी निव्हर्ट या जोडीने सुरू केलं होतं, आणि लिहिताना त्यांना सुचलेला रस्ता शेजारच्या मेरीलँड राज्यातला होता. वेस्ट व्हर्जिनियाने २०१४ साली तेही गाणं राज्यगीत म्हणून स्वीकारलं. बाहेरच्याने केलेलं गाणं आतल्यांनी आपलं मानलं. आपल्याकडे कोळीवाड्यांनी हेच केलं. हळदीच्या रात्री ही रेकॉर्डवरची गाणी तिथल्या मुळच्या गाण्यांच्या रांगेत जाऊन बसली आणि कुणालाही ती परकी वाटली नाहीत.

मग मुळची गाणी कशी होती? इथे पाण्याचा हिशेब पुन्हा कामाला येतो.

कोळीगीताचा ठेका ऐकून पाहा. बहुतेक वेळा तो सहा मात्रांचा, झोके घेणारा असतो. तीन-तीनचे दोन भाग. वल्हं मारणाऱ्याच्या शरीरातही असेच दोन भाग असतात. एकदा जोर लावून ओढायचं, मग वल्हं पाण्याबाहेर काढून पुढे न्यायचं. ओढताना छाती आवळलेली असते, तेव्हा लांब सूर लागत नाही. पुढे नेताना श्वास घेता येतो. म्हणून गाणं एकट्याने म्हणायचं नसतंच. एक जण ओळ उचलतो आणि बाकीचे झील ओढतात. ज्याचा श्वास मोकळा त्याच्याकडे ओळ जाते. ओळी आखूड आणि शेवटी एक लांबवता येणारा स्वर, ही रचनासुद्धा श्वासाच्या सोयीची आहे. शिवाय सगळ्यांची वल्ही एकाच क्षणी पाण्यात पडावीत म्हणून ठेका चुकवायची मुभा नाही.

हेमंतकुमारांच्या बंगालमध्ये याचा फार सुंदर पडताळा मिळतो. तिथे नावाड्यांची गाणी दोन वेगळ्या प्रकारची आहेत. नाव उतरत्या पाण्याबरोबर आपोआप चालली आहे, नावाडी नुसतं सुकाणू धरून बसला आहे, तेव्हाचं गाणं भाटियाली. त्याला ताल जवळजवळ नसतो, सूर नदीसारखे लांबच लांब पसरतात, गाणारा एकटा असतो. आणि शर्यतीच्या नावेत दहा-वीस जण एकदम वल्ही मारतात तेव्हाचं ते सारीगान, ताल ठोकून, एकसाथ, साद आणि प्रतिसाद. नदी तीच. हात रिकामे की गुंतलेले, एवढ्या एका फरकाने संगीताचे दोन प्रकार जन्माला आले. उत्तर बंगालात गाडीवानांचं भवैया म्हणून गाणं आहे. त्यात सूर मधेच तुटतो, आणि खडबडीत वाटेवर गाडीला बसणाऱ्या हिसक्यांमुळे तो तसा तुटायला लागला असं तिकडे सांगतात. अब्बासउद्दीन अहमद यांनी ही गाणी ग्रामोफोनवर आणली आणि बैलगाडीचा तो हिसका कोलकात्याच्या दिवाणखान्यात पोचला. त्याच सुमाराला अमेरिकेत जिमी रॉजर्स नावाच्या रेल्वेतल्या माजी ब्रेकमनने १९२७ साली सूर मधेच पलटवत म्हटलेली गाणी मुद्रित करायला सुरुवात केली आणि कंट्री संगीताची ती ओळख बनली.

आपल्या किनाऱ्यावर १९५०नंतर हळूहळू होड्यांना इंजिनं बसू लागली. त्यांचे फायदे मोठे होते. लांब जाता येऊ लागलं, वाऱ्याची वाट पाहावी लागेना, वादळाची चाहूल लागताच झटपट परतता येऊ लागलं. किती जीव त्यामुळे वाचले असतील. पण इंजिनाच्या घरघरीत गाणं ऐकू येत नाही आणि वल्हं नसेल तर ठेक्याची गरजही राहत नाही. युरोपी जहाजांवर नांगर ओढताना, शिडं चढवताना म्हणायची खलाशांची गाणी वाफेच्या यंत्रांनी अशीच संपवली होती. कोळ्यांचं गाणं मात्र संपलं नाही, ते होडीतून उतरून किनाऱ्यावर आलं. हळदीत, नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीत, होळीत ते पायांत शिरलं. वल्ह्याचा ठेका नाचाचा ठेका झाला आणि त्याची गती वाढली, कारण आता श्वास वाचवायची गरज नव्हती. पुढे कॅसेट आली. वर्सोव्याचे काशीराम चिंचय आणि त्यांची ‘वेसावकर आणि मंडळी’ यांनी ‘वेसावची पारू’सारख्या कॅसेटमधून कोळीवाड्याच्या आतल्या माणसांचा आवाज महाराष्ट्रभर नेला. ढोलकी, बॅन्जो, मागे मोठी झील. शहरी रेकॉर्डमधल्या नाजूक कोळीगीतापेक्षा हे गाणं रांगडं आहे, आणि मला ते तितकंच मोलाचं वाटतं, कारण त्यात गाणारे आणि ज्यांच्याविषयी गायचं ते एकच आहेत.

उत्तन-पाली-चौकच्या बाजूला या परंपरेला आणखी एक पदर आहे. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि पुढच्या काळात इथल्या बऱ्याच कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आज या गावांत चर्च आहे, वेलंकणी मातेचं तीर्थस्थान आहे, आणि चौकच्या टेकडीवर धारावी देवीचं देऊळही आहे. ख्रिस्ती लग्नात उंबराचं पाणी आणायचा विधी आहे. वाजतगाजत विहिरीवर जायचं, पाणी भरून आणायचं आणि नवरा-नवरीला त्याने न्हाऊ घालायचं. घुमट या वाद्याच्या तालावर बायका गाणी म्हणतात, आणि त्या गाण्यांची मराठी शेजारच्या हिंदू कोळ्यांच्या, आगऱ्यांच्या मराठीला लागून असते. दर्याला दोघांनीही पावसाच्या अखेरीस मान द्यायचा असतो. सध्याच्या नियमाने १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. या काळात मासे अंडी घालतात आणि दर्याही खवळलेला असतो. पण होडी पाण्यात लोटायचा खरा मुहूर्त पुष्कळांच्या मनात अजून नारळी पौर्णिमेचाच असतो.

आणि भीती? तीही याच गाण्यांत आहे. २००९च्या नोव्हेंबरात फयान चक्रीवादळ आलं तेव्हा मासेमारीचा हंगाम ऐन भरात होता. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. अरबी समुद्र तापतो आहे आणि त्यातली चक्रीवादळं जास्त जोराची होत आहेत, असं हवामानशास्त्र सांगतं. वादळवाऱ्याचं कोळीगीत घरात बसून ऐकणाऱ्याला एक छान नाट्य वाटतं. ज्या घरातला माणूस बाहेर आहे त्या घरात ते तसं ऐकू येत नाही.

किनाऱ्यावरून थोडं आत यावं. राई, मुर्धे, मोर्वा या भागातली माणसं भात आणि मीठ पिकवत आली. मिठाचं कामही चंद्राच्याच हुकमाने चालतं. उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी दारं उघडून आत घ्यायचं, मग एकातून दुसऱ्या उथळ वाफ्यात सरकवत उन्हात आटवायचं. समुद्राच्या १ लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाण्याचा नऊ-दशांश भाग उडून गेल्यावर कुठे मिठाचे खडे धरू लागतात. हिवाळ्यात सुरू झालेलं हे काम उन्हाच्या कडाक्यात भरात येतं आणि पहिल्या पावसात संपतं. उन्हात, डोळे दिपवणाऱ्या पांढऱ्या वाफ्यांत, अनवाणी करायचं हे काम. पुष्कळशी मिठागरं आता थंडावली आहेत, पण ती राबवणाऱ्या समाजाचं गाणं टिकलं आहे ते लग्नात.

त्याचं नाव धवला. आगरी लग्नात एक जाणती बाई येते, ती धवळारीण. मांडव घालण्यापासून हळद, तेल, पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिच्याकडे असतं आणि ते म्हटल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. मांडवाच्या फांद्या, हळद, नवे तांदूळ, विहिरीचं पाणी या सगळ्यांना ती गाण्यातून बोलावते. तिच्याकडे वही नसते. सगळं पाठ, आईकडून, सासूकडून, आत्याकडून आलेलं, आणि प्रसंग पाहून त्यात भर घालायचा तिला पूर्ण अधिकार असतो. या घराचं नाव, या मुलीच्या मामाचं नाव, यंदाचा पाऊस, सगळं ती तिथल्या तिथे ओवते. गायक-गीतकार म्हणतात तो हाच की! हा प्रकार किती जुना आहे हे पाहायचं तर तेराव्या शतकात जावं लागतं. महानुभाव पंथाची महदंबा ही मराठीतली आद्य कवयित्री मानली जाते आणि तिची कीर्ती ज्या रचनेवर उभी आहे ते कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे आहेत. विदर्भातल्या रिद्धपूरला तिने ते रचले. मराठी कवितेतला पहिला स्त्रीस्वर लग्नाच्या गाण्यातून आला आणि त्याच नावाचा प्रकार भाईंदरच्या मागच्या गावांत आजही गाइला जातो.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, काशिमीरा-घोडबंदर-चेणेच्या बाजूला, सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान सुरू होतं आणि त्याच्या कडेला वारली पाडे आहेत. त्यांचं वाद्य तारपा. वाळवलेला दुध्या भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा भोंगा, आणि सांधे बुजवायला मेण. सगळं सामान रानातलं. एका नळीवर सूर फिरतात, दुसरी साथ धरते. तारपकरी गाल फुगवून त्यात हवा धरतो आणि नाकाने श्वास घेत राहतो, त्यामुळे सूर क्षणभरही तुटत नाही. सूर तुटत नाही म्हणून नाचाची साखळीही तुटत नाही. मध्ये तारपकरी, भोवती वळत जाणारी माणसं, आणि तारप्याकडे पाठ करायची नाही असा दंडक. जिव्या सोमा म्हशे यांच्या चित्रांमुळे हे वेटोळं जगभर पोचलं. मुख्य म्हणजे तारपा बारमाही वाजत नाही. नवं भात आलं की तो खुंटीवरून खाली येतो आणि दिवाळीच्या दिवसांत रात्र-रात्र घुमतो. पेरणीच्या चिखलात त्याला जागा नाही. जव्हारजवळच्या वाळवंडे गावचे भिकल्या लाडक्या धिंडा यांच्यासारख्या तारपकऱ्यांनी ही विद्या आयुष्यभर सांभाळली. वाद्य करणारा, वाजवणारा आणि त्यासाठी भोपळा लावणारा हा अनेकदा एकच माणूस असतो.

रानाच्या गाण्यांचा मराठीतला थोर संच अर्थातच ‘जैत रे जैत’चा. १९७७ सालचा जब्बार पटेलांचा चित्रपट, गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून केलेला, सह्याद्रीतल्या ठाकरांचा. संगीत पुन्हा हृदयनाथांचं, शब्द ना. धों. महानोरांचे. महानोर मात्र बाहेरून आलेले नव्हते. ठाकर नसले तरी ते पळसखेड्याचे शेतकरी होते, आणि १९६७ साली आलेल्या ‘रानातल्या कविता’पासूनच त्यांच्या शब्दांना मातीत राबलेल्या हातांचा वास होता. कोळीगीतं आणि ‘जैत रे जैत’ एकामागून एक ऐकली तर हा फरक जाणवतो. शांताबाई दर्या किनाऱ्यावरून पाहतात, वाट पाहणाऱ्या बाईच्या डोळ्यांनी. म्हणून ती गाणी ओढीची आहेत. महानोर रानाच्या आत उभे आहेत, म्हणून त्यांची गाणी अंगात आल्यासारखी आहेत. दोन्ही मला प्रिय आहेत. तरी तिसऱ्या एका संचाची उणीव मला सलते, जो उत्तन, राई आणि चेणे इथे राहणाऱ्या माणसांनी स्वतः रचला आणि गाइला असेल.

त्याचं सामान शाबूत आहे, पण थोड्याच काळापुरतं. मेट्रो ९च्या कारशेडसाठी डोंगरीची जागा ठरली आणि तिथल्या हजारो झाडांचा प्रश्न उभा राहिला. तिवरांवर भराव, खाडीत सांडपाणी, किनाऱ्याजवळ कमी होत चाललेला मासा, हे सगळं आहेच. बोंबील सुकवायच्या वलांडी उभ्या करायला मोकळा किनारा लागतो, आणि तो आक्रसला की बायकांना एकत्र बसून काम करायची जागाही आक्रसते. गाणी अशाच जागांत तयार होत असतात.

असा अल्बम कुणी करायला घेतला तर त्याचं ध्वनिमुद्रण स्टुडिओच्या तारखा बघून करू नये. पंचांग समोर ठेवावं. नारळी पौर्णिमेला उत्तनच्या बंदरात, होड्या सजतात तेव्हा. दिवाळीच्या आगेमागे पाड्यावर, तारपा खाली आल्यावर. भांगाच्या दिवसांत, जाळी विणत बसलेल्या म्हाताऱ्या तांडेलांबरोबर, कारण त्यांना सवड तेव्हाच असते आणि वल्ह्याची गाणी ज्यांच्या अंगात उरली आहेत असे हेच शेवटचे. लग्नसराईत राईच्या मांडवात धवळारीण बोलवेल त्या वेळी, पहाटे म्हणाली तर पहाटे. पाठीमागे पाण्याचा, वाऱ्याचा, कुत्र्यांचा आवाज आला तर तो पुसू नये.

हे होऊ शकतं, कारण महाराष्ट्रात झालेलं आहे. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात राहून गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या, हजाराहून जास्त गावं. विजेची गिरणी आली आणि जातं थांबलं, तरी ओवी हातात आणि गळ्यात शिल्लक होती, आणि ती विझायच्या आत टिपली गेली. त्या कामाची मला सगळ्यांत भावलेली गोष्ट म्हणजे नोंदीची पद्धत. प्रत्येक ओवीपुढे गाणारीचं नाव आहे, तिचं गाव आहे, तालुका आहे. ‘पारंपरिक’ असा शिक्का मारून कुणाला पुसून टाकलेलं नाही. आपल्या कोळीगीतांच्या कॅसेटवर आणि हळदीच्या गाण्यांच्या व्हिडिओंवर मात्र तो शिक्का सर्रास दिसतो. उत्तनच्या संचावर गाणारीचं नाव असावं, तिला गाणं शिकवणारीचं नाव असावं, कोणत्या विधीचं किंवा कामाचं गाणं आहे ते असावं, आणि मुद्रण झालं त्या दिवसाची तारीख व तिथी दोन्ही असाव्यात.